पराभवाचं गाणं आणि नगरला आलेला सेनापती

२००६ च्या अखेरीस दक्षिण आफ्रिकेतल्या आफ्रिकानर वस्त्यांमध्ये जिथं जावं तिथं एकच गाणं कानावर पडत होतं. बारमध्ये, लग्नाच्या हॉलमध्ये, मांस भाजायच्या शेगडीभोवती जमलेल्या घोळक्यात. गाणं सुरू झालं की बसलेली माणसं उठून उभी राहत. काही जण राष्ट्रगीताला ठेवावा तसा हात छातीवर ठेवत. धृपद आलं की सगळे मिळून एका माणसाचं नाव घेत: डे ला रे, डे ला रे. ज्याला ही हाक घातली जात होती तो सेनापती जाऊन ९२ वर्षं झाली होती. ज्या युद्धानं त्याचं नाव झालं ते युद्ध त्याचे लोक हरले होते.

गाणाऱ्याचं मंचावरचं नाव बोक फान ब्लेर्क, खरं नाव लुई पेपलर. जन्म १९७८ चा. नेल्सन मंडेला १९९४ मध्ये राष्ट्राध्यक्ष झाले तेव्हा तो सोळा वर्षांचा होता. वर्णभेदाच्या राजवटीत मतदानाचं वयही न झालेली, पण त्या राजवटीचा हिशेब मात्र जिच्यापुढे रोज मांडला जातो, अशी ही पिढी. शॉन एल्स आणि योहान फोर्स्टर या दोघांबरोबर त्यानं हे गाणं लिहिलं. आफ्रिकान्स भाषेतल्या गाण्यांची बाजारपेठ तशी लहान. गोरे आफ्रिकानर सगळे मिळून २५-३० लाख. तिथं या अल्बमच्या दोन लाखांहून अधिक प्रती खपल्या.

गाण्याची मांडणी अगदी सरळ आहे. डोंगरावर, काळोखात, चिखलात पडून राहिलेला एक बोअर शिपाई बोलतो आहे. बोअर म्हणजे दक्षिण आफ्रिकेत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेले, मुख्यतः डच वंशाचे शेतकरी, आजच्या आफ्रिकानरांचे पूर्वज. त्याचं घर जळालं आहे, शेत जळालं आहे. बायको आणि लेकरू इंग्रजांच्या छावणीत मरणपंथाला लागलेत. समोर खाकी वर्दीतली प्रचंड फौज, इकडे मूठभर माणसं. तो सेनापतीला विचारतो, तुम्ही येऊन आमचं नेतृत्व कराल का? तुमच्यासाठी आम्ही मरायला तयार आहोत. सूर आधी हळू, कथेचा, मग ठेका चढतो आणि गाणं कूचगीत होऊन जातं. ऐकणाऱ्याला भाषा येत नसली तरी कुणाची तरी वाट पाहिली जाते आहे एवढं नक्की कळतं.

वाद पेटला तो इथंच. कार्यक्रमांमध्ये काही प्रेक्षक बोअर प्रजासत्ताकाचा चौरंगी झेंडा फडकवू लागले, काही जण तर वर्णभेदाच्या काळातला जुना राष्ट्रध्वजही घेऊन येऊ लागले. त्याच दिवसांत प्रिटोरियात ‘बूरमाख’ या कडव्या उजव्या गटावर राजद्रोहाचा खटला चालू होता. या गटानं २००२ च्या ऑक्टोबरात सोवेटोत बॉम्बस्फोट घडवले होते, त्यात एका बाईचा जीव गेला होता. अशा हवेत ‘सेनापती, या’ ही हाक काहींना इतिहासातली वाटली, तर काहींना आजची. फेब्रुवारी २००७ मध्ये पॅलो जॉर्डन यांच्या कला व संस्कृती खात्यानं यावर एक निवेदन काढलं.

ते निवेदन मला आजही नमुनेदार वाटतं. बोअर युद्धातले वीर हा देशाच्या समाईक वारशाचा भाग आहे, हे खात्यानं त्यात मान्य केलं. गाणं गायचा हक्क मान्य केला. मूठभर उजवे लोक त्याला बंडाचं गीत बनवू पाहतील, हा धोकाही स्पष्ट सांगितला. बंदीची भाषा कुठंही नव्हती. उलट गायकाला शुभेच्छाच होत्या. तरीही बातमी जगभर गेली ती ‘सरकारला एका गाण्याची भीती’ अशा रूपात, आणि खप आणखी वाढला. पेपलर मात्र सांगत राहिला की गाणं इतिहासाचं आहे, राजकारणाचं नाही. माझ्या वयाची मुलं अपराधाचं ओझं वाहून थकली आहेत, हेही तो मुलाखतींमधून बोलून दाखवत होता.

त्या थकव्याला कारणं होती. नोकऱ्यांत काळ्यांना प्राधान्य देणारे कायदे आले होते. प्रिटोरियाचं नाव बदलून त्श्वाने करायचं घाटत होतं. विद्यापीठांमधून आफ्रिकान्सची जागा इंग्रजी घेत होती. शेतावरच्या घरांवरचे दरोडे आणि खून ही खरी भीती होती. पण यातलं काहीच गाण्यात नाही. गाणं थेट १९०१ मध्ये जाऊन उभं राहतं. या पिढीला असा एक पूर्वज हवा होता, ज्याच्याबद्दल कुणाची माफी मागावी लागणार नाही. डे ला रे १९१४ मध्ये वारला. वर्णभेदाचं धोरण घेऊन नॅशनल पार्टी सत्तेवर आली १९४८ मध्ये. डे ला रे शूर होता, उदार होता, त्याच्यावर अन्याय झाला होता आणि तो हरला होता. हरलेला माणूस निर्दोष वाटतो. म्हणूनच, माझ्या मते, एवढ्या मोठ्या इतिहासातून या लोकांनी नेमका पराभवाचाच क्षण उचलला.

आपल्याला हे परकं वाटायचं कारण नाही. १४ जानेवारी १७६१ ला पानिपतावर सदाशिवरावभाऊ पडले, तरी पार्वतीबाईंनी वैधव्य मानलं नाही. पंधरा वर्षांनी ‘मीच भाऊ’ म्हणणारा एक तोतया उभा राहिला, तेव्हा कोकणातले किल्ले त्याच्या हाती गेले आणि हजारो माणसं त्याच्यामागे निघाली. १७७६ मध्ये पुण्याच्या कारभाऱ्यांनी त्याला देहदंड दिला. न. चिं. केळकरांचं ‘तोतयाचे बंड’ हे नाटक त्यावरच बेतलेलं आहे. गेलेला सेनापती परत यावा ही ओढ आपल्याही ओळखीची आहे. ती कशी वापरली जाते, हेही आपण पाहिलेलं आहे.

आता त्या युद्धाकडे वळू. ट्रान्सवाल आणि ऑरेंज फ्री स्टेट या दोन बोअर प्रजासत्ताकांची ब्रिटिश साम्राज्याशी लढाई ११ ऑक्टोबर १८९९ ला सुरू झाली. मुळाशी होतं विटवॉटर्सरँडचं सोनं. १८८६ मध्ये ते सापडलं आणि शेतकऱ्यांच्या या गरीब देशाला अचानक जगात किंमत आली. पुढच्या अडीच-पावणेतीन वर्षांत साम्राज्यानं तिथं साडेचार लाखांच्या आसपास सैन्य उतरवलं. त्या सैन्याला बोअरांनी सुरुवातीला तोंडघशी पाडलं, आणि त्यातल्या एका मोठ्या विजयाच्या मुळाशी डे ला रेचं डोकं होतं.

याकोबस हर्क्युलास डे ला रे, लोकांचा कूस. जन्म १८४७ चा. शाळा फारशी न शिकलेला, लांब दाढीचा, धार्मिक शेतकरी. डिसेंबर १८९९ मध्ये माखर्सफाँटेनच्या टेकडीवर बोअर ठाण मांडून बसले होते. टेकडी लढवायची तर माथ्यावर बसायचं, हा तोवरचा शिरस्ता. डे ला रेनं खंदक खणायला लावले ते पायथ्याशी, सपाट जमिनीत, झुडपांनी झाकलेले. इंग्रज तोफखान्यानं रिकाम्या माथ्यावर तोफगोळ्यांचा पाऊस पाडला. ११ डिसेंबरच्या पहाटे स्कॉटिश हायलँडर पलटणी अंधारात, दाटीवाटीच्या रांगांत टेकडीकडे निघाल्या. उजाडायच्या सुमाराला त्यांच्या पायाजवळची जमीनच जणू गोळ्या झाडू लागली. वाचलेले दिवसभर उन्हात पालथे पडून राहिले. हलला की गोळी. जेमतेम दोन आठवड्यांपूर्वी मॉडर नदीच्या लढाईत डे ला रेचा मुलगा आद्रियान जखमी होऊन गेला होता. बापानं दुःख बाजूला ठेवून हे खंदक खणून घेतले होते.

हाच डे ला रे युद्धाच्या आधी युद्धाच्या विरोधात होता, ही गोष्ट गाण्यात नाही. ट्रान्सवालच्या संसदेत त्यानं लढाई टाळा म्हणून सांगितलं. अध्यक्ष पॉल क्रूगर यांनी त्याला भित्रा ठरवलं, तेव्हा त्यानं उत्तर दिलं की युद्ध झालंच तर तुम्ही देश सोडून गेल्यानंतरही मी लढत असेन. त्या सभेची ही आठवण बोअर घरांमधून पिढ्यान्‌पिढ्या सांगितली गेली. झालंही तसंच. जून १९०० मध्ये प्रिटोरिया पडलं, क्रूगर युरोपला गेले आणि डे ला रे पश्चिम ट्रान्सवालच्या माळावर गनिमी काव्यानं पुढची दोन वर्षं लढत राहिला.

या गनिमी लढाईला इंग्रजांनी जे उत्तर दिलं, तेच या गाण्याचं काळीज आहे. लॉर्ड किचनरनं माळभर तारांची कुंपणं आणि गढ्या उभारल्या. शेतघरं जाळली, तीस हजारांच्या आसपास. उभी पिकं, गुरं, मेंढरं सगळं नष्ट केलं. बायका-मुलांना गाड्यांत घालून तंबूंच्या छावण्यांत नेऊन टाकलं. ज्यांचे पुरुष अजून लढत होते त्यांचा शिधा सुरुवातीला इतरांपेक्षा कमी ठेवला गेला. मग गोवर आला, विषमज्वर आला, हगवण आली. या छावण्यांत सुमारे २८,००० बोअर मेले. त्यातली २२,००० हून अधिक सोळा वर्षांखालची मुलं होती. इंग्लंडमधून एमिली हॉबहाउस ही बाई जानेवारी १९०१ मध्ये ब्लूमफाँटेनच्या छावणीत पोचली. तिनं जे पाहिलं ते मायदेशी जाऊन सांगितलं म्हणून ब्रिटिश जनतेला पत्ता लागला. तिच्याच देशातल्या वर्तमानपत्रांनी तिला देशद्रोही ठरवलं, आणि ती पुन्हा केपटाउनला गेली तेव्हा तिला जहाजावरून उतरूही न देता परत पाठवलं. दक्षिण आफ्रिकेत त्या वेळी राहणाऱ्या मोहनदास गांधींनी पुढे सत्याग्रहाच्या इतिहासात या छावण्यांतल्या बोअर बायकांच्या सोसण्याबद्दल मोठ्या आदरानं लिहिलं. युद्धात मात्र त्यांनी इंग्रजांच्या बाजूनं सुमारे अकराशे भारतीयांचं रुग्णसेवा पथक उभं केलं होतं. मनातून आपली सहानुभूती बोअरांकडे होती, असं त्यांनीच आत्मकथेत नोंदवलं आहे.

म्हणजे गाण्यातलं दुःख कल्पित नाही. ज्यांना हे गाणं नुसतं विखारी वाटतं त्यांनी आधी ही २२,००० मुलं डोळ्यांसमोर आणावीत. ज्या समाजाची एवढी लेकरं दीड-दोन वर्षांत गेली, तो शंभर वर्षांनीही रडला तर त्याला कुणी काय बोलावं?

पण मग त्याच माळावरच्या दुसऱ्या छावण्यांचाही हिशेब द्यावा लागतो. शेतं जाळली गेली तेव्हा त्या शेतांवर राबणारी काळी कुटुंबंही उघड्यावर आली. त्यांच्यासाठी वेगळ्या छावण्या होत्या, लाखाहून अधिक माणसांच्या. तंबू कमी, औषध नाहीच म्हणावं इतकं थोडं, आणि पोटाला हवं तर लष्करासाठी मजुरी करायची. तिथल्या मृत्यूंची नोंद धड ठेवलीच गेली नाही. जे कागद सापडले त्यांतून १४,००० वर मृत्यू मोजले गेले आहेत, खरा आकडा २०,००० च्याही वर असावा असं अभ्यासक मानतात. यातलीही बहुतेक मुलंच. गाण्यातल्या शिपायाच्या घोड्यामागे दुसऱ्या घोड्यावर एक काळा नोकर असायचा. तो बंदुका भरायचा, स्वयंपाक करायचा, घोडे राखायचा, प्रसंगी लढायचाही. बोअर फौजेत अशी हजारो माणसं होती. चिखलातल्या त्या रात्रीत तोही पडलेला असणार. गाण्यात तो कुठंच नाही.

३१ मे १९०२ ला फेरीनिखिंगच्या तहावर सह्या झाल्या. तहाच्या आठव्या कलमात ठरलं की काळ्या रहिवाशांना मतदानाचा हक्क द्यायचा का, हा प्रश्न गोऱ्यांना स्वराज्य मिळेपर्यंत हातात घ्यायचा नाही. हरलेल्याला जिंकणाऱ्यानं ही भेट दिली, आणि ती तिसऱ्याच्या खिशातून दिली. १९१० मध्ये दोघा गोऱ्यांचं संघराज्य झालं. जून १९१३ मध्ये ‘नेटिव्ह्ज लँड अॅक्ट’ आला आणि देशातली जेमतेम सात टक्के जमीन काळ्यांसाठी राहिली. त्याच वर्षी १६ डिसेंबरला ब्लूमफाँटेनमध्ये छावण्यांतल्या बोअर बायका-मुलांच्या स्मारकाचं अनावरण झालं. आजारपणामुळे हॉबहाउसबाईंना तिथवर पोचता आलं नाही, त्यांचं भाषण वाचून दाखवलं गेलं. ज्या स्वातंत्र्यासाठी तुम्ही एवढं सोसलंत ते तुमच्या हाताखालच्या माणसांना नाकारू नका, असा त्याचा आशय होता. पुढच्या काळात ते भाषण पुन्हा छापताना नेमका हाच भाग गाळला गेला. या गाळण्याचा मला राग येतो. ज्या बाईनं आपली अब्रू पणाला लावून तुमच्या लेकरांच्या मरणाची साक्ष दिली, तिची साक्षसुद्धा तुम्ही अर्धीच ठेवलीत.

डे ला रेची गोष्टही अशीच अर्धी राहिली आहे. गाणं जिथं थांबतं तिथून पुढचा डे ला रे मला जास्त मोठा वाटतो.

७ मार्च १९०२ ला ट्वीबोश इथं त्यानं लॉर्ड मेथ्युएनला पकडलं. माखर्सफाँटेनला त्याच्याच हातून हरलेला हा ब्रिटिश सेनानी मांडीत गोळी लागून, पाय मोडून जमिनीवर पडला होता. युद्ध संपायला आलेलं, बोअरांची अवस्था बिकट, आणि हाती सापडलेला शत्रूचा जनरल म्हणजे सौद्यातलं केवढं मोठं माप. डे ला रेच्या माणसांना त्याला सोडायचं नव्हतं. डे ला रेनं त्यांची समजूत काढली आणि मेथ्युएनला उपचारांसाठी इंग्रजांच्या रुग्णालयाकडे रवाना केलं. त्याआधी डे ला रेची बायको नोनी त्याला भेटून आली, त्याच्या खाण्यापिण्याची विचारपूस केली. या नोनीचं स्वतःचं घर इंग्रजांनी उद्ध्वस्त केलं होतं. छावणीत जायचं नाही म्हणून दीड वर्षाहून अधिक काळ ती मुलाबाळांसह बैलगाडीत संसार मांडून माळावर हिंडत होती. इंग्रज तुकडी जवळ आली की गाडी जुंपायची, दुसरीकडे हलायचं. तिच्या या वणवणीचं पुस्तक १९०३ मध्ये इंग्रजीतही निघालं. गाण्यातल्या शिपायाची बायको छावणीत मरते आहे, सेनापतीची बायको मात्र सापडलीच नाही.

ट्वीबोशनंतर तीन महिन्यांच्या आत फेरीनिखिंगला बोअर प्रतिनिधी जमले. शेवटपर्यंत लढू म्हणणारे पुष्कळ होते. सगळ्यांची नजर डे ला रेवर. अलीकडचे विजय त्याचे, त्याच्या मुलखात इंग्रजांची अजून दैना उडत होती. तो उठला आणि म्हणाला त्याचा आशय असा, की ज्या शेवटाच्या गोष्टी तुम्ही करता तो आताच आलेला आहे. त्याच्या बोलण्यानं पारडं फिरलं. ५४ विरुद्ध ६ मतांनी तह स्वीकारला गेला.

यानंतरचा प्रसंग महाराष्ट्रात घडला.

युद्धात पकडलेल्या बोअरांपैकी २४,००० हून अधिक कैद्यांना इंग्रजांनी समुद्रापार पाठवलं. सेंट हेलेना, सिलोन, बर्म्युडा, आणि हिंदुस्थान. आफ्रिकान्समधलं जगप्रसिद्ध गाणं ‘सारी मारे’ याच भीतीचं आहे, खाकीवाले पकडून दूर समुद्रापार पाठवतील या भीतीचं. पुढे त्याच इंग्रजांच्या रॉयल मरीन कमांडोंनी त्याची चाल आपल्या संचलनासाठी उचलली. हिंदुस्थानात आलेले कैदी नऊ हजारांच्या घरात होते. पंजाबपासून त्रिचनापल्लीपर्यंत त्यांच्या छावण्या पसरल्या होत्या, आणि त्यातली एक होती अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला.

त्या वेळच्या नगरची अवस्था डोळ्यांसमोर आणा. १८९९-१९०० च्या दुष्काळानं जिल्हा होरपळून निघालेला. प्लेग काही वर्षं मुंबई इलाख्यात ठाण मांडून बसलेला. मनमाड-दौंड लोहमार्गानं खडी फोडायच्या कामावर निघालेली माणसं जात होती, त्याच मार्गावरच्या स्टेशनावर हे दाढीवाले, उन्हानं रापलेले गोरे शेतकरी पहाऱ्यात उतरवले गेले. बायबल वाचणारे, भजनं म्हणणारे, आपल्या गुरांची आणि पावसाची काळजी करणारे. नगरच्या शेतकऱ्याला या माणसांशी बोलता आलं असतं तर दोघांना एकमेकांची गोष्ट सांगायला फार शब्द लागले नसते. दोघांच्या डोक्यावर एकच सरकार होतं. नगरच्या किल्ल्याचं नाव आपण घेतो ते जवाहरलाल नेहरू आणि काँग्रेस कार्यकारिणीच्या १९४२ नंतरच्या बंदिवासासाठी, ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ तिथं लिहिलं गेलं म्हणून. पहिल्या महायुद्धात नगरला जर्मन कैदी होते. त्यांच्याही आधी हे बोअर होते.

तह झाल्यावर कैद्यांना घरी जायची वाट मोकळी झाली, पण एका अटीवर. ब्रिटिश राजाशी एकनिष्ठेची शपथ घ्यायची किंवा तसं मान्य करून सही द्यायची. बहुतेकांनी जड हातानं सही केली. काहीशे जणांनी नकार दिला. आमची प्रजासत्ताकं अजून आहेत, हा तह आमच्या सेनापतींनी केला असं इंग्रज म्हणतात, त्यावर आम्ही विश्वास कसा ठेवावा, असा त्यांचा हट्ट. १९०३ साल सरत आलं तरी हे लोक नगरला बसून होते. युद्ध संपून दीड वर्ष लोटलं होतं, मायदेशी घरं पुन्हा उभी राहत होती आणि हे मात्र दख्खनच्या उन्हात आपलं प्रजासत्ताक सांभाळत होते.

त्यांची समजूत घालायला डे ला रे स्वतः हिंदुस्थानात आला.

त्या भेटीचा विचार माझ्या मनातून जात नाही. गाण्यातला शिपाई ज्याला हाक मारतो तो सेनापती खरोखरच हजारो मैलांवरून त्याच्यापुढे येऊन उभा राहिला आहे. ज्याचा मुलगा या युद्धात गेला, ज्याचं घर गेलं, ज्याच्या शौर्याबद्दल समोर बसलेल्या एकाही माणसाच्या मनात शंका असणं शक्य नाही. आणि तो सांगतो आहे की सही करा, घरी चला, बायकामुलं वाट पाहताहेत, नांगर धरायला माणसं नाहीत. शरणागतीचा कागद पुढे करायला सर्वांत शूर माणूस यावा लागला. दुसऱ्या कुणाचं त्यांनी ऐकलंच नसतं. डे ला रेचं मात्र बहुतेकांनी ऐकलं आणि ते परतले. अगदी थोड्या जणांनी त्यालाही नाही म्हटलं.

मराठी माणसाला नगरचा किल्ला माहीत आहे, तिथं बोअर होते हेही काहींना ठाऊक आहे. पण ‘डे ला रे’ हे गाणं ज्या माणसाच्या नावानं गाजलं त्यानं लढाई संपवण्याचं शेवटचं काम आपल्या मातीत येऊन केलं, हे आपल्या इतिहासाच्या पुस्तकांत ठळकपणे यायला हवं. हा आपल्याकडच्या वारशाचाही एक तुकडा आहे.

जवळपास अकरा वर्षांनी पुन्हा एकदा त्याला हीच हाक आली. ऑगस्ट १९१४. युरोपात महायुद्ध पेटलं आणि लुई बोथा व यान स्मट्स या जुन्या बोअर सेनानींचं सरकार ब्रिटनच्या बाजूनं शेजारच्या जर्मन वसाहतीवर चाल करून जायच्या बेतात होतं. डे ला रे आता सिनेटर होता. हे आक्रमण त्याला मान्य नव्हतं. त्याच्या परिसरात सीनर फान रेन्सबर्ग नावाचा द्रष्टा होता, लोकांची त्याच्यावर गाढ श्रद्धा. त्यानं एक दृष्टान्त सांगितला होता: काळा ढग, त्यावर १५ हा आकडा, त्यातून ठिबकणारं रक्त, आणि बोडक्या डोक्यानं घरी परतणारा डे ला रे, मागे फुलांनी भरलेली गाडी. १५ ऑगस्टला ट्रूरफाँटेन इथं सभा ठरली. शेकडो बोअर घोड्यांवरून जमले. आज जनरल हाक देणार, प्रजासत्ताक पुन्हा उभं राहणार, अशी त्यांची खात्री.

त्याआधी बोथा आणि स्मट्स यांनी डे ला रेला बोलावून घेतलं, त्याच्याशी बराच वेळ बोलले. सभेत डे ला रे उभा राहिला आणि त्यानं शांत राहायला, घरी जायला सांगितलं. सरकारवर विश्वास व्यक्त करणारा ठराव मंजूर झाला. घोडे आल्या वाटेनं परतले.

बरोबर एक महिन्यानं, १५ सप्टेंबरच्या रात्री, तो जनरल बायर्स या जुन्या बोअर सेनानीबरोबर मोटारीतून पोचेफस्ट्रूमकडे निघाला होता. त्या रात्री पोलिसांनी फॉस्टर टोळी नावाच्या दरोडेखोरांसाठी जोहान्सबर्गच्या आसपास नाके लावले होते. मोटार थांबली नाही. लांगलाख्टेच्या नाक्यावर पोलिसानं झाडलेली गोळी डे ला रेला लागली आणि तो तिथंच गेला. सरकारनंच त्याला मारलं, असं अनेक बोअर आजही मानतात. पोचेफस्ट्रूमच्या लष्करी तळावर तो बंडाची हाक द्यायला चालला होता की ती थांबवायला, यावर इतिहासकार अजून भांडतात. लिख्टनबर्गला त्याला मूठमाती दिली गेली. पुढच्या महिन्यात सुमारे १२,००० बोअर त्याच्याशिवाय बंडाला उठले. बोथा आणि स्मट्स यांनी आपल्याच जुन्या सैनिकांवर फौज धाडून काही महिन्यांत ते मोडून काढलं.

तेव्हा ‘सेनापती, येणार का?’ या प्रश्नाला डे ला रेनं आयुष्यात तीनदा उत्तर दिलं होतं. फेरीनिखिंगला, नगरला, ट्रूरफाँटेनला. तिन्ही वेळा उत्तर एकच, घरी चला. चौथ्या वेळी काय म्हणाला असता ते सांगायला तो उरला नाही, आणि २००६ चं गाणं नेमकं त्या चौथ्या वेळेच्या आशेवर उभं आहे. त्याच्या लेखकांना हा इतिहास ठाऊक नव्हता असं मी म्हणणार नाही. शॉन एल्स आणि डिऑन ऑपरमन यांनी २००८ मध्ये डे ला रेवर मोठं संगीत नाटकही बसवलं. पण तीन-चार मिनिटांच्या गाण्यात एकच क्षण मावतो, आणि कुठला क्षण घ्यायचा ही निवड करणाऱ्याची असते. त्यांनी हाक घेतली, उत्तर घेतलं नाही.

आफ्रिकान्समध्ये गाणारे सगळेच असं करत आले आहेत, असं मात्र नाही. १९८९ मध्ये योहानेस केर्कोरेल, कूस कोम्बेइस आणि त्यांचे साथीदार ‘फूलफ्री’ नावाचा दौरा घेऊन गावोगाव फिरले. आफ्रिकान्समध्येच रॉक गाऊन त्यांनी वर्णभेदी सरकारची खिल्ली उडवली. विद्यापीठांनी त्यांना दारं बंद केली, सरकारी नभोवाणीनं त्यांची गाणी टाळली. त्यांना ऐकणाऱ्या विद्यार्थ्यांच्या धाकट्या भावंडांनी पुढे ‘डे ला रे’ला छातीवर हात ठेवला. दोन्ही पिढ्यांना बापजाद्यांच्या सावलीतून बाहेर पडायचं होतं. एका पिढीनं बापाशी भांडण काढलं, दुसरीनं पणजोबा शोधला.

दरम्यान देशातली इतर गाणीही न्यायालयाच्या पायऱ्या चढत होती. बोअरांना गोळ्या घाला, असं म्हणणारं काळ्या मुक्तिलढ्यातलं जुनं गीत ज्युलियस मालेमा हे राजकीय पुढारी २०१० पासून सभांमध्ये गाऊ लागले. २०११ मध्ये समता न्यायालयानं ते द्वेषपूर्ण ठरवलं. २०२२ मध्ये त्याच न्यायालयाच्या दुसऱ्या न्यायाधीशांनी, नव्या खटल्यात, तसं नाही म्हटलं. पुढच्या अपिलातही तोच निर्णय राहिला आणि २०२५ मध्ये घटनात्मक न्यायालयानं आफ्रिकानर संघटनेची अपिलाची परवानगीच नाकारली. जुना वर्णभेदी झेंडा मिरवणं मात्र २०१९ च्या निकालानं बेकायदा ठरलं आहे. म्हणजे ‘डे ला रे’ गाता येतं, पण त्याबरोबर तो झेंडा फडकवता येत नाही. गाणं आणि झेंडा यांच्यातली ही रेघ मला रास्त वाटते. झेंडा एका राजवटीचा आहे. गाणं, त्यात कितीही कमतरता असल्या तरी, मेलेल्या मुलांचं आहे.

आणि म्हणूनच मला या गाण्याच्या शेजारी दुसरं एक गाणं हवं आहे. आज आफ्रिकान्स ही ज्यांची घरची भाषा आहे त्यांतले अर्ध्याहून अधिक लोक गोरे नाहीत. केपच्या झोपडपट्ट्यांत, नामाकुआलँडच्या कोरड्या गावांत, मुस्लिम मोहल्ल्यांत ही भाषा रोज बोलली जाते. तिच्यात रॅप होतं, भजनं होतात, नाटकं होतात. त्यातल्याच एखाद्या गायकानं त्या काळ्या छावणीतल्या आईचं गाणं करावं, जिच्या मुलाचं नाव कुठल्याच वहीत लिहिलं गेलं नाही. तिचं शेत कुणा सेनापतीचं नव्हतं, तिला हाक मारायला डे ला रेही नव्हता. ते गाणं लागलं की त्याच बारमधली तीच माणसं उठून उभी राहतात का, हे मला बघायचं आहे.